संगणकाची कादंबरी आणि कामकऱ्याचा हात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकन कादंबरी आणि संगणक हा विषय श्रमिकांच्या चळवळीत काम करणाऱ्यांपुढे कशासाठी मांडावा, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कादंबरी ही फुरसतीची वस्तू, संगणक ही भांडवलाची, आणि अमेरिका तर दूरचीच. परंतु एखाद्या समाजात नवे उत्पादनसाधन अवतरते तेव्हा त्याचा नफातोटा ताळेबंदात लिहिला जातो, त्याच्या बढाया जाहिरातीत छापल्या जातात, आणि त्या साधनापाशी दिवसभर बसलेल्या माणसाचे काय झाले याची नोंद पुष्कळदा केवळ कादंबरीतच सापडते. इंग्लंडमधील कापडगिरण्यांविषयी संसदीय समित्यांच्या अहवालांची चळत उपलब्ध आहे. तरीही १८५४ मधील डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ वाचल्यावाचून त्या काळाचा दमट वास नाकाशी येत नाही.

गेल्या सत्तर वर्षांत अमेरिकेत संगणकाभोवती जे कथात्म वाङ्मय निर्माण झाले त्याचा साठा मोठा आहे, आणि त्यातील बराचसा भाग टाकाऊही आहे. तो चाळताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. लेखकाची नजर यंत्राच्या चमत्कारावर खिळली की कादंबरी पोकळ होते. ती कामावर स्थिरावली, म्हणजे काम कोण करतो, किती तास करतो, कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या कागदाच्या आधारावर करतो याकडे वळली, की तीच कादंबरी दस्तऐवजाच्या मोलाची होते. या दुसऱ्या प्रकारच्या पानांचा शोध घेणे एवढाच येथे हेतू आहे.

आरंभ करावा लागेल तो कर्ट व्हॉनेगट यांच्या ‘प्लेअर पियानो’ या १९५२ मधील कादंबरीपासून. व्हॉनेगट हे १९४७ ते १९५१ या काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील कारखान्यात प्रसिद्धिखात्यात नोकरीस होते. तेथे विमानाच्या इंजिनाचे भाग कापणारे, छिद्रांकित पत्र्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र त्यांनी पाहिले आणि कादंबरीचे बीज त्यांना तेथे मिळाले. तिच्यातील समाजात कारखाने माणसांवाचून चालतात, डोंगराच्या पोटातील गुहांत ठेवलेला एक अजस्र संगणक देशाचे नियोजन करतो, आणि ज्यांची बुद्धिमापनात वरची श्रेणी लागली नाही अशांना एक तर सैन्यात नाही तर रस्तेदुरुस्तीच्या फौजेत भरती व्हावे लागते. उपाशी कोणी नाही. परंतु आपल्या हाताची कोणाला गरज उरलेली नाही, हे दुःख मात्र घरोघर आहे.

या कादंबरीत रूडी हर्ट्झ नावाचा एक टर्नर आहे. पुस्तकात त्याची पाने थोडी, पण सबंध पुस्तक त्याच्यावर उभे आहे. लेथवरील त्याचा हात इतका सफाईदार की व्यवस्थापनाने त्याची निवड केली. तरुण अभियंते आले, त्याच्या हाताच्या प्रत्येक हालचालीचे फितीवर मुद्रण करून घेतले, आणि मग त्याला बिअर पाजली. रूडीला त्याचा अभिमान वाटला. एवढ्या कामगारांतून आपणच निवडले गेलो! पुढे तीच फीत लावून लेथांच्या रांगाच्या रांगा चालू लागल्या आणि रूडी घरी बसला. कित्येक वर्षांनी त्या अभियंत्यांपैकी एक जण, कादंबरीचा नायक पॉल प्रोटियस, त्याला एका गुत्त्यात भेटतो. म्हातारा रूडी कौतुकाने त्याच्यासाठी आपोआप वाजणाऱ्या पियानोत नाणे टाकतो. पट्ट्या खालीवर होऊ लागतात आणि त्यांवर बोटे मात्र नसतात. कादंबरीचे नाव तेथून आले आहे.

ही निव्वळ कल्पना नव्हती. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ मध्ये ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात या यंत्रांचा खरा इतिहास मांडला. कुशल कारागिराच्या हालचाली मुद्रित करून यंत्राकडून त्या पुन्हा करवून घेण्याची पद्धत जनरल इलेक्ट्रिकमध्ये खरोखरच सिद्ध झालेली होती. परंतु ती मागे पडली. हवाई दलाच्या पैशावर मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत दुसरी पद्धत तयार झाली. तिच्यात कारागिराच्या हाताची गरजच नव्हती. यंत्राला द्यावयाच्या आज्ञा गणिताच्या साहाय्याने कचेरीत बसून लिहिल्या जात. त्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले तेही १९५२ मध्येच, म्हणजे कादंबरी निघाली त्याच वर्षी. पहिल्या पद्धतीत कारखान्याच्या जमिनीवरील माणसाचे कसब हेच भांडवल होते, म्हणून त्या माणसाशी बोलणी करावी लागली असती. दुसरीत आज्ञा वरून येत होत्या. उद्योगपतींनी कोणती निवडली हे सांगण्याची आवश्यकता नाही. यंत्र असे का घडले, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा यंत्रशास्त्रात नसते. ते हुकूम कोणी सोडावयाचा यात असते. नोबल यांचा हा मुद्दा कार्यकर्त्यांनी टिपून ठेवण्याजोगा आहे, कारण या विवेचनाच्या शेवटी तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

व्हॉनेगट यांच्या कादंबरीत उठाव होतो. लोक यंत्रे फोडतात, आणि मग रेल्वेस्थानकावरील संत्र्याचे पेय देणारे एक मोडके यंत्र काही जण मोठ्या उत्साहाने दुरुस्त करू लागतात! हे वाचून क्रांतिकारकांना राग येतो. परंतु येथे लेखकाची दृष्टी खोल गेलेली आहे. त्या माणसांना यंत्राचा द्वेष नव्हताच. त्यांना हाताला काम हवे होते, आणि मोडतोडीनंतर ते त्यांना मिळाले.

यानंतरचा मोठा टप्पा १९८० नंतरचा. विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ १९८४ मध्ये आली. ती साध्या टंकलेखन यंत्रावर लिहिली गेली होती, आणि तिच्यातील संगणक हा मुख्यतः एक झगमगते शहर आहे. तिने एक पिढी भारून टाकली हे खरे. परंतु तिचा नायक भुरटा चोर आहे, आणि चोराला कामाचे तास नसतात. तिच्याविषयी येथे अधिक बोलण्याचे कारण नाही.

नील स्टीफन्सन यांच्या १९९२ मधील ‘स्नो क्रॅश’ची गोष्ट निराळी. तिच्यात राज्यसंस्था वितळून गेली आहे. वस्त्या, रस्ते, तुरुंग, सारेच खाजगी मक्त्याने चालते. कादंबरीचा नायक माफियांच्या कंपनीसाठी पिझ्झा पोचवतो, माल ठेवण्याच्या भाड्याच्या गाळ्यात राहतो, आणि संध्याकाळी एका काल्पनिक दृश्यजगात शिरून तेथे मात्र राजासारखा वावरतो. त्या दृश्यजगाला लेखकाने ‘मेटाव्हर्स’ असे नाव दिले. पुढे काय घडले ते सर्वविदित आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने स्वतःचे नाव ‘मेटा’ असे बदलले आणि हेच दृश्यजग बांधण्याचा संकल्प सोडला. ज्या समाजचित्रात माणूस मालाच्या गाळ्यात राहतो त्या चित्रातून उद्योगाने नेमका त्याच्या विरंगुळ्याचा भाग उचलला आणि भागधारकांपुढे ठेवला. उपहासाचे माहितीपत्रक बनविण्याची भांडवलशाहीची ही हातोटी वाखाणण्यासारखीच आहे.

पण याच कादंबरीत एक स्त्री आहे, जिच्याकडे ना उद्योगाचे लक्ष गेले ना समीक्षकांचे. दुय्यम नायिकेची ही आई उरल्यासुरल्या केंद्र सरकारच्या कचेरीत आज्ञावली लिहिण्याच्या कामावर आहे. आपण लिहितो तो तुकडा कोणत्या मोठ्या कामाचा भाग आहे हे तिला सांगितले जात नाही. खरे बोलते की खोटे याची यंत्रावर तपासणी करून घेणे हा तिच्या नोकरीचा नित्य भाग आहे. एके दिवशी शौचालयातील कागदाच्या वापराविषयी एक लांबलचक परिपत्रक येते. ते वाचण्यास सुमारे किती मिनिटे लागावीत हेही त्यातच नमूद असते आणि तिने ते किती वेळात वाचले याची नोंद संगणक ठेवतो. फार लवकर वाचले तर निष्काळजी, फार उशिरा वाचले तर मंद. म्हणून ती वेळ मोजून वाचते. पडद्यावरील उंदराची हालचाल मोजणाऱ्या, मिनिटामिनिटाला चित्र टिपणाऱ्या देखरेखीच्या व्यवस्था आज अनेक कचेऱ्यांत बसलेल्या आहेत. मेटाव्हर्स अजून नीटसे उभे राहिलेले नाही. ही बाई मात्र शब्दशः खरी ठरली.

डग्लस कोपलंड यांची ‘मायक्रोसर्फ्स’ १९९५ मध्ये आली. कोपलंड हे कॅनडाचे. परंतु कादंबरी वॉशिंग्टन राज्यातील मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या आवारात सुरू होते, आणि नंतर कॅलिफोर्नियात जाते. नावातील ‘सर्फ’ म्हणजे भूदास. नाव ठेवताना लेखकाने थट्टा केली असली तरी ती थट्टा पुरती फुकट गेलेली नाही. तरुण मुले एका घरात गर्दीने राहतात, दिवसरात्र काम करतात. वरिष्ठांच्या एका खरमरीत संदेशाने दुखावलेला मायकेल स्वतःला खोलीत कोंडून घेतो, आणि मित्र दाराखालच्या फटीतून सरकतील असे चपटे खाद्यपदार्थ, चीजचे तुकडे वगैरे त्याला पोचवतात. निवेदकाच्या वडिलांना आयबीएम कंपनीने उतारवयात कामावरून काढून टाकलेले आहे. एका पिढीला जन्मभराच्या नोकरीचे आश्वासन होते, दुसरीला ते मुळात देण्यातच आलेले नाही. ही दोन्ही माणसे एकाच घरात जेवायला बसतात, त्या पानांत लेखक चांगला उतरला आहे.

या मुलांना भूदास होण्यात गोडी का वाटते? कंपनीच्या समभागांमुळे. ठरावीक वर्षे नोकरीत टिकून राहिले तर ठरलेल्या जुन्या भावाने समभाग घेण्याचा हक्क त्यांना मिळतो. म्हणून ती दिवसातून अनेकदा समभागाचा भाव पाहतात. त्यांच्यापैकी एक तर लक्षाधीश होऊनही त्याच सामायिक घरात राहतो. येथे शोषणाची जुनी मांडणी थोडी अडखळते हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्याचे वरकड मूल्य हिरावले जाते त्याच्याच खिशात मालकीचा एक कपटा ठेवलेला असला की तो कोणत्या बाजूचा? तो स्वतःला मालकाच्या बाजूचा समजतो, आणि रविवारीही कामाला जातो.

आणि ज्यांच्या खिशात तो कपटाही नव्हता ते? त्याच कंपनीत, त्याच इमारतीत, वर्षानुवर्षे कंत्राटी म्हणून काम करणारे हजारो लोक होते. त्यांना ‘पर्माटेम्प’ म्हणजे कायमचे तात्पुरते असे म्हणत. मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगार ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शब्दाचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. या लोकांनी १९९२ मध्ये न्यायालयात दावा लावला, आठ वर्षे लढवला, आणि डिसेंबर २००० मध्ये ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे ‘मायक्रोसर्फ्स’ बाजारात येत होती तेव्हा हा दावा चालूच होता. कादंबरीच्या केंद्रस्थानी मात्र समभागवालीच मुले आहेत. खरे भूदास शेजारच्या मेजावर बसलेले होते.

या साऱ्या वाङ्मयात आज्ञावली लिहिण्याच्या कामाचे सर्वांत सखोल चित्रण कोणी केले असेल तर ते एलन उलमन यांनी, २००३ मधील ‘द बग’ या कादंबरीत. उलमन यांनी स्वतः १९७८ पासून सुमारे वीस वर्षे हे काम केले होते आणि ते प्रत्येक पानावर जाणवते. कथा १९८४ मधील. भाषाशास्त्रात डॉक्टरेट मिळवूनही विद्यापीठात जागा न मिळालेली रॉबर्टा एका नव्या कंपनीत तपासनीस म्हणून लागते. आज्ञावलीत चुका शोधणे हे तिचे काम. तिला एक चूक सापडते. ती दुरुस्त करण्याची जबाबदारी ईथन लेव्हिन या आज्ञावलीकारावर येते. चूक मोठी विचित्र आहे. पडदा अचानक गोठतो, आणि कारण शोधू जावे तर ती नाहीशी होते. भांडवल पुरवणाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक चालू असताना मात्र हटकून प्रकट होते. कंपनीत तिला ‘विदूषक’ असे नाव पडते.

ईथन त्या चुकीच्या मागे लागतो. आठवडे जातात, महिने जातात. घरातील नाते तुटते. सहकाऱ्यांच्या नजरेत तो उतरतो, आणि स्वतःच्या नजरेत त्याहून अधिक. अखेर तो आत्महत्या करतो. पुढे रॉबर्टा आज्ञावलीची भाषा शिकून ती चूक शोधून काढते, तेव्हा ती अगदी क्षुद्र निघते. एका माणसाचा जीव जाण्याइतके त्या चुकीत काहीही नव्हते.

या कादंबरीविषयी अमेरिकेत जे बोलले गेले त्याचा भर माणूस आणि यंत्र यांच्यातील तात्त्विक द्वंद्वावर आहे. ते द्वंद्व पुस्तकात आहेच. परंतु जरा निराळ्या डोळ्यांनी वाचले तर ही एका कारखान्याची कथा आहे. चूक एकट्या ईथनची नव्हती. आज्ञावली अनेकांच्या हातून तयार झालेली, घाईने जोडलेली, मुदतीच्या दडपणाखाली पुढे रेटलेली वस्तू होती. तरीही दोष वाटताना तो एका माणसाच्या नावावर, क्रमांक घालून, चढवला गेला. गिरणीत धागा तुटला तर कापूस वाईट होता की यंत्र जुने होते की हवा कोरडी होती, याविषयी साचेवाला निदान भांडू तरी शकत असे. ईथनला भांडण्याची कल्पनाच सुचत नाही. काम सामुदायिक आणि अपराध वैयक्तिक, हे या धंद्याचे मर्म उलमन यांनी पकडले आहे. परात्मभावाविषयी आपल्या अभ्यासवर्गांतून बरेच बोलले जाते. तो दुपारी तीन वाजता, थंड केलेल्या खोलीत, न धुतलेल्या कपाशेजारी कसा दिसतो हे पाहावयाचे असेल तर ही कादंबरी वाचावी. तपासनीस स्त्री आणि आज्ञावली लिहिणारा पुरुष यांच्यातील उतरंड तिने दाखवली आहे, तिचेही मोल कमी नाही. चूक दाखवणाऱ्याला कोणी दाद देत नाही, असा अनुभव केवळ संगणकाच्या धंद्यातच येतो असे नाही!

आतापर्यंतची सारी माणसे अमेरिकन नागरिक होती. परंतु त्या देशाच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने एच-वन-बी हा परवाना निर्माण केला आणि धंद्याचे रूप पालटले. हा परवाना मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की राहण्याचा आधारही डळमळतो. पुण्यामुंबईतील किती घरांतून या परवान्याची तारीख पंचांगातील तिथीप्रमाणे पाठ असते हे सर्वांस ठाऊक आहे. या माणसाची कथा प्रथम ठसठशीतपणे लिहिली ती मात्र अमेरिकन लेखकाने नव्हे. हरी कुंझरू हे ब्रिटिश कादंबरीकार. त्यांच्या २००४ मधील ‘ट्रान्समिशन’मध्ये अर्जुन मेहता हा भारतीय तरुण एका मुकादमी कंपनीमार्फत अमेरिकेत जातो. तेथे गेल्यावर कळते की नोकरी नाहीच. गिऱ्हाईक मिळेपर्यंत नुसते बसून राहावयाचे. नंतर विषाणुप्रतिबंधक आज्ञावली करणाऱ्या कंपनीत त्याला जागा मिळते, आणि मंदी येताच ती जाते. मग तो स्वतःच एक विषाणू तयार करून जगभर सोडतो, या आशेने की तो आटोक्यात आणण्यासाठी आपल्याला परत बोलावतील. उपहास तिखट आहे आणि व्यवहार अगदी ओळखीचा. ज्या कंपन्या माणसे भाड्याने पाठवीत त्यांना धंद्यात ‘बॉडी शॉप’ असेच म्हणत; गिरणगावातील जॉबर विमानात बसून गेला एवढाच फरक.

यापुढचे पाऊल वौहिनी वारा यांनी २०२२ मध्ये ‘द इम्मॉर्टल किंग राव’ या कादंबरीत टाकले. लेखिका भारतीय वंशाची, कॅनडात जन्मलेली. अमेरिकन वृत्तपत्रासाठी याच उद्योगाचे वार्तांकन केलेली. कादंबरीचा नायक आंध्रमधील नारळबागेत वाढलेला दलित मुलगा आहे. तो शिकण्यासाठी अमेरिकेत जातो, संगणक कंपनी काढतो, आणि तिला ‘कोकोनट’ असे नाव देतो. पुढे जगातील सरकारे मोडीत निघून त्यांच्या जागी एक महामंडळ येते. नागरिक हे भागधारक बनतात, आणि कोणी कोठे काय करावे हे एक गणिती आज्ञावली ठरविते. ‘मायक्रोसर्फ्स’मधील समभागाचा कपटा येथे नागरिकत्वाच्या दाखल्याचे रूप घेतो. जी पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत २०२३ मध्ये पोचली अशा या कादंबरीत एक कठोर प्रश्न आहे. जातीच्या तळातून वर आलेला माणूस जेव्हा जगाचा मालक होतो तेव्हा उतरंड मोडते, की तिला केवळ नवी मोजपट्टी मिळते? लेखिका कोणतेही सोयीचे उत्तर देत नाही. नारळबागेची पाने फार सुरेख आहेत. भविष्यकाळाची पाने तितकी नाहीत.

या कादंबरीचा बराच भाग सिॲटलच्या परिसरातील खाडीत आणि बेटांवर घडतो, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. जात ही विमानतळावर उतरवून ठेवता येते असा समज अमेरिकेत होता, आणि तेथे गेलेल्या सवर्णांनी तो जपला होता. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला तेव्हा त्या समजाला पहिला मोठा तडा गेला. (दोन अधिकाऱ्यांवरील दावा २०२३ मध्ये काढून घेण्यात आला, कंपनीवरील तेव्हा चालू ठेवला गेला.) आणि २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटलच्या नगरपरिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. हा ठराव मांडणाऱ्या समाजवादी सदस्य क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, त्या वाढल्या मुंबईत, आणि राजकारणात येण्यापूर्वी त्यांनी संगणक अभियंता म्हणून नोकरी केलेली होती. कादंबरीत न मावलेले काही कधीकधी नगरपरिषदेच्या इतिवृत्तात सापडते ते असे.

डेव्ह एगर्स यांच्या ‘द सर्कल’ (२०१३) आणि ‘द एव्हरी’ (२०२१) या कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. दुसऱ्या पुस्तकाची बांधीव आवृत्ती लेखकाने ॲमेझॉनऐवजी आधी स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांकडे दिली. या कृतीचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु या कादंबऱ्यांची तक्रार मुख्यतः खाजगीपणाविषयी आहे. कंपनी सर्वांचे सर्व काही पाहते, हे भय. ते भय खोटे नाही, मात्र ते गिऱ्हाइकाचे भय आहे. ‘द सर्कल’मधील मे हॉलंड ही गिऱ्हाइकांच्या शंकांना उत्तरे देण्याच्या कामावर रुजू होते. प्रत्येक उत्तराला गिऱ्हाईक शंभरपैकी गुण देते, आणि गुण कमी पडले तर पुन्हा विचारणा करून ते वाढवून घ्यावयाचे असतात. तिच्या मेजावर एकामागून एक पडदे वाढत जातात. प्रत्येक पडद्याबरोबर नवे काम येते आणि प्रत्येक वेळी ते बक्षिसासारखे दिले जाते. कादंबरीतील सर्वांत खरी पाने ही. लेखक मात्र तेथे थांबत नाही. त्याला लोकशाहीच्या अंताकडे जाण्याची घाई आहे, आणि मेच्या पाठीला किती कळा लागल्या हे सांगायचे राहून जाते.

थॉमस पिंचन यांच्या ‘ब्लीडिंग एज’ (२०१३) मध्ये एक म्हातारा बाप आहे, न्यूयॉर्कच्या जुन्या डाव्या परंपरेतला. मुलीला तो सांगतो की हे जाळे स्वातंत्र्यातून नव्हे तर शीतयुद्धाच्या भीतीतून जन्मले आहे. मुलगी त्याला जुनाट समजते. तो एकटाच सबंध पुस्तकात इतिहास जाणणारा आहे, आणि पिंचन त्याला फारसे बोलू देत नाहीत.

आता या साऱ्या पुस्तकांत जे नाही त्याकडे वळावे लागेल. व्हॉनेगटच्या उठावानंतर येथे उल्लेखिलेल्या एकाही अमेरिकन कादंबरीत संगणकाचे कामकरी कामाच्या जागी एकत्र येऊन काही मागताना दिसत नाहीत. ‘मायक्रोसर्फ्स’ची मुले नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढतात. ईथन एकटा मरतो. किंग रावच्या जगातील बंडखोर व्यवस्थेबाहेर पडून बेटांवर राहतात. बाहेर पडणे हीच अमेरिकन वाङ्मयाची जुनी रीत. जंगलात जाऊन झोपडी बांधणाऱ्या थोरोपासून ती चालत आली आहे. आत राहून, पगार घेत, शेजाऱ्याशी बोलून काही घडवावे, ही गोष्ट त्या कादंबरीला नीरस वाटत असावी. प्रत्यक्षात मात्र ती घडत होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये गूगलच्या सुमारे २०,००० कर्मचाऱ्यांनी जगभर एकाच दिवशी काम सोडून बाहेर येऊन निषेध केला. लैंगिक छळाच्या आरोपांनंतरही अधिकाऱ्यांना दिल्या गेलेल्या मोठ्या रकमांविरुद्ध तो होता. जानेवारी २०२१ मध्ये त्याच समूहातील कर्मचाऱ्यांनी संघटना जाहीर केली आणि तिचे दार कंत्राटी कामगारांनाही उघडे ठेवले. पर्माटेम्प लोकांना जे १९९२ मध्ये मिळाले नव्हते ते हेच.

मध्यंतरी, खुद्द कादंबरीकारांवरच रूडी हर्ट्झ होण्याची पाळी आली. भाषा जुळविणाऱ्या यंत्रांना शिकविण्यासाठी जी अफाट पुस्तके घातली गेली त्यांत जिवंत लेखकांची पुस्तके होती आणि त्यांना विचारलेले नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये ऑथर्स गिल्ड या संस्थेने आणि जोनाथन फ्रॅन्झन, जॉन ग्रिशॅम, जॉर्ज मार्टिन आदी लेखकांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात ओपनएआय कंपनीविरुद्ध दावा लावला. १९५२ मध्ये उद्योगाने मागे टाकलेली ती पहिली पद्धत, कारागिराच्या हाताचे मुद्रण करण्याची, सत्तर वर्षांनी परत आली होती. फरक एवढाच की कारागिराशी करावी लागणारी बोलणी या वेळी टाळण्यात आली, आणि रूडीला निदान बिअर मिळाली होती. वारा यांनीच २०२१ मध्ये अशा एका यंत्राला हाताशी घेऊन दिवंगत बहिणीविषयी ‘घोस्ट्स’ हा लेख लिहिला होता. यंत्राने पुरविलेल्या ओळी खोट्या पडत गेल्या आणि तिला स्वतःच्या ओळी अधिकाधिक लिहाव्या लागल्या. तो लेख वाचण्यासारखा आहे.

न्यायालयात गेले ते कादंबरीकार. चित्रपट-दूरचित्रवाणीच्या पटकथालेखकांची मात्र कामगार संघटना आहे, आणि तिने २ मे २०२३ पासून १४८ दिवस काम बंद ठेवले. यंत्राला लेखक म्हणून श्रेय देता येणार नाही, यंत्राने जुळवलेला मजकूर लेखकाच्या हाती देताना तसे सांगावे लागेल, अशी कलमे त्या संपाच्या करारात आली. जुलैत नटांची संघटनाही संपात उतरली. गर्दीतील नटांच्या शरीराचे एका दिवसाच्या मजुरीत मुद्रण करून ते कायमचे वापरण्याचा प्रस्ताव निर्मात्यांनी मांडला, अशी तिची तक्रार होती. निर्मात्यांच्या संघाने ती नाकारली. तो संप नोव्हेंबरपर्यंत चालला.

पटकथालेखकांनी लेखणी खाली ठेवली त्याच्या आदल्या दिवशी, १ मे २०२३ रोजी, केनियात नैरोबी येथे दीडशेहून अधिक कामगार जमले होते. समाजमाध्यमांवरील आणि भाषायंत्रांपुढील हिंसक, बीभत्स मजकूर दिवसभर वाचून, पाहून तो वेगळा काढणे हे त्यांचे काम. ते कंत्राटी कंपन्यांमार्फत अमेरिकन उद्योगांसाठी चालते, आणि त्यांतील काहींना तासाला दोन डॉलरहून कमी मजुरी मिळत होती हे त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन नियतकालिकाने छापले होते. त्या दिवशी त्यांनी आपली संघटना स्थापन करण्याच्या बाजूने मत दिले.